काचेतले संत ओळखायचे कसे?

चर्चच्या खिडकीत रंगीत काचेवर उभ्या असलेल्या संताच्या पायाशी अनेकदा नाव लिहिलेले नसते. लिहिलेले असले तरी ती अक्षरे इतकी वळणदार आणि उंचावर असतात, की खालून वाचता येत नाहीत. मात्र त्याच्या हातात काय आहे हे पाहिले, तर नाव बहुतेक वेळा सापडते. ही हातांची भाषा वाचण्यासाठी काही प्राथमिक खुणा.

गणेशोत्सव आटोपला की करी रोड स्थानकाबाहेर पडून लालबाग-परळच्या दिशेने जाताना मूर्तिकारांच्या कारखान्यांत नवरात्राची लगबग दिसू लागते. रंगकाम व्हायचे असलेल्या देवीच्या मूर्ती रांगेने उभ्या असतात. त्यांचे हात अजून रिकामे असतात. चेहरा घडवलेला असतो, साडीच्या निऱ्याही पडलेल्या असतात. तरी ही दुर्गा की लक्ष्मी, हे पाहणाऱ्याला निश्चित सांगता येत नाही. हातात त्रिशूळ आला की ती दुर्गा होते, कमळ आले की लक्ष्मी आणि वीणा आली की सरस्वती. मूर्तिशास्त्रात तर हा नियम आणखी काटेकोर आहे. केशव, नारायण, माधव अशी विष्णूची जी चोवीस नावे संध्येत घेतली जातात, त्या चोवीस रूपांचे चेहरे वेगळे नसतात. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे कोणत्या हातात कोणत्या क्रमाने आहेत, एवढ्यावरूनच मूर्ती ओळखली जाते.

कुलाब्याच्या किंवा फोर्टच्या चर्चमध्ये शिरणाऱ्या मराठी माणसाने एवढे ध्यानात ठेवले, तर समोरच्या रंगीत खिडक्या त्याला परक्या वाटणार नाहीत. तेथेही नियम हाच आहे. वारकरी संतांची चित्रे आपण अशाच खुणांनी ओळखतो. चिखल तुडवणारा गोरा कुंभार, भाजीच्या वाफ्यातला सावता माळी, जात्यापाशी बसलेली जनाबाई, वीणा घेतलेले तुकोबा.

एक फरक मात्र मोठा आहे. वारकरी संतांच्या हातात बहुधा त्यांच्या व्यवसायाचे किंवा भक्तीचे साधन असते. ख्रिस्ती परंपरेतील आरंभीच्या अनेक संतांच्या हातात त्यांना ज्या साधनाने ठार मारले किंवा छळले ते साधन असते. ज्याची कातडी सोलली त्याच्या हातात सुरी, ज्याला जाळीवर भाजले त्याच्या हातात लोखंडी जाळी, जिला चाकावर चिरडण्याचा हुकूम झाला तिच्या शेजारी दातेरी चाक. मारेकऱ्याचे हत्यार मेलेल्याची ओळख होऊन बसते आणि तो ते शांतपणे, एखादे मानचिन्ह मिरवावे तसे धरून उभा असतो. ही गोष्ट एकदा उमगली की खिडकीतील निम्म्या आकृती आपोआप बोलू लागतात.

चिन्हे का लागली?

ख्रिस्ताचे बारा शिष्य किंवा पहिल्या तीन शतकांतील हुतात्मे दिसायला कसे होते, याची विश्वसनीय नोंद नाही. मध्ययुगीन युरोपात चर्चमध्ये येणाऱ्या बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते. अशा समाजासमोर तीस-चाळीस फूट उंचीवर, एकसारखी वस्त्रे ल्यालेल्या आकृती उभ्या करायच्या, तर प्रत्येकाला दुरून दिसेल अशी एक खूण देणे भागच होते. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथील कॅथेड्रलमध्ये असलेल्या संदेष्ट्यांच्या खिडक्या इसवी सन ११०० च्या आसपासच्या मानल्या जातात. जागेवर टिकलेल्या या प्रकारच्या सर्वांत जुन्या खिडक्यांत त्यांची गणना होते. त्यानंतरच्या तीन-चारशे वर्षांत फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये चिन्हांची ही भाषा पूर्ण विकसित झाली.

ही भाषा एकदा विसरली गेली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात इंग्लंडमध्ये संतांच्या मूर्ती आणि काचचित्रे मोठ्या प्रमाणावर फोडली गेली. पुढच्या पिढ्यांना उरलेल्या आकृती कोणाच्या, हे कळेनासे झाले. एकोणिसाव्या शतकात गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन झाले, नवी चर्चे जुन्या धाटणीने बांधली जाऊ लागली आणि खुद्द इंग्रजांनाच ही चिन्हे पुस्तकातून शिकावी लागली. अ‍ॅना जेमसन या लेखिकेचा ‘सेक्रेड अँड लेजंडरी आर्ट’ हा ग्रंथ १८४८ मध्ये निघाला, तो याच गरजेतून. मुंबईत गॉथिक धाटणीची चर्चे उभी राहू लागली तीही याच सुमारास. त्यामुळे आपल्या शहरातील खिडक्या त्या पुन्हा शिकलेल्या भाषेत लिहिलेल्या आहेत.

मुंबईत कोठे पाहावे?

सरावासाठी चर्चमध्ये जाण्याआधी रेल्वे स्थानकच पुरेसे आहे. करी रोडहून धिमी लोकल पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि रस्त्यापलीकडून फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या या इमारतीच्या घुमटाकडे पाहावे. घुमटावरील स्त्रीच्या एका हातात उंचावलेली मशाल आणि दुसऱ्या हाताशी आऱ्यांचे चाक आहे. ही ‘प्रगती’. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, तो ब्रिटन. दुसरीकडे वाघ आहे, तो भारत. नाव कोठेही कोरलेले नसताना आकृती ओळखण्याचा हा पहिला धडा.

तेथून चालत हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये जाता येते. या चर्चचा पाया सतराव्या शतकात जेराल्ड आंजियर यांच्या कारकिर्दीत घातला गेला. ते प्रार्थनेसाठी खुले झाले १७१८ च्या नाताळात, आणि कॅथेड्रलचा दर्जा मिळाला १८३७ मध्ये. ‘चर्चगेट’ हे नाव याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडले. तेथील जीर्णोद्धाराच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. दक्षिणेला कुलाब्याच्या लष्करी वसाहतीत अफगाण चर्च आहे. त्याचे खरे नाव शुभवर्तमानकार संत योहान याच्या नावाने. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ हेन्री कॉनीबेअर यांच्या आराखड्यानुसार ते बांधले गेले आणि १८५८ मध्ये त्याचा अभिषेक झाला. त्याच्या काचा इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या. करी रोडपासून जवळचे म्हणजे भायखळ्याचे ग्लोरिया चर्च. मूळचे माझगावचे हे चर्च १९११ ते १९१३ या काळात सध्याच्या जागी गॉथिक शैलीत उभे राहिले.

दोन गोष्टी जाण्यापूर्वी लक्षात ठेवाव्यात. काचचित्र बाहेरून पाहण्यात अर्थ नाही. बाहेरून ते काळपट दिसते. आत उभे राहून, बाहेर ऊन असतानाच त्याचे रंग उमलतात. जुन्या प्रथेप्रमाणे वेदी पूर्वेला असेल, तर वेदीमागची खिडकी सकाळी आणि प्रवेशद्वारावरची खिडकी दुपारनंतर पाहावी. दुसरी गोष्ट म्हणजे चर्च कोणत्या पंथाचे आहे ते आधी विचारावे. अँग्लिकन चर्चमध्ये प्रेषित, शुभवर्तमानकार, देवदूत आणि बायबलमधील प्रसंग यांवर भर असतो. लष्कराशी संबंध असलेल्या ठिकाणी संत जॉर्ज आणि मायकल हे योद्धे भेटण्याची शक्यता अधिक. कॅथलिक चर्चमध्ये त्यांच्या जोडीला अंतोनी, फ्रान्सिस, झेवियर असे नंतरच्या शतकांतील संतही असतात. त्यामुळे ओळखायच्या नावांची यादी निम्म्याने कमी होते.

आधी डोके, मग वस्त्र, शेवटी हात

आकृतीकडे पाहण्याचा एक क्रम ठरवून घेतला तर चूक कमी होते. प्रथम डोक्यामागचे तेजोवलय पाहावे. वलयाच्या आत क्रूसाचा आकार असेल तर ती आकृती ख्रिस्ताची. ही खूण संतांना देत नाहीत. बारा तारकांचा मुकुट, पायाखाली चंद्रकोर आणि निळे वस्त्र असेल तर ती मरियामाता.

नंतर वस्त्र. मधोमध फट असलेली उंच टोकदार टोपी आणि वर वळलेला, मेंढपाळाच्या काठीसारखा दंड असेल तर तो बिशप. कमरेला गाठींची दोरी बांधलेला तपकिरी किंवा राखाडी झगा असेल तर फ्रान्सिस्कन साधू. पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा असेल तर डॉमिनिकन. चिलखत असेल तर योद्धा संत. पायघोळ प्राचीन वस्त्र आणि अनवाणी पाय असतील तर बहुधा प्रेषित.

शेवटी हात. हातात झावळी असेल तर ती व्यक्ती हुतात्मा आहे, एवढे पक्के झाले. कोणता हुतात्मा, ते दुसऱ्या हातातील वस्तू सांगते. पुस्तक असेल तर लेखक किंवा धर्मोपदेशक, लिलीचे फूल असेल तर ब्रह्मचर्य आणि पावित्र्य. ही तीन सर्वसाधारण चिन्हे आहेत आणि ती अनेकांना लागू पडतात. केवळ पुस्तकावरून नाव ठरवण्याची घाई करू नये.

बारा प्रेषित

प्रेषितांत सर्वांत सोपा पेत्र. त्याच्या हातात किल्ल्या असतात, कारण स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या तुला देईन, असे वचन ख्रिस्ताने त्याला दिल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. कधी त्याच्या पायाशी कोंबडा दिसतो. कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने तीनदा आपल्या गुरूची ओळख नाकारली, ही त्याच्या आयुष्यातील शरमेची घटना. संताची खूण म्हणून त्याची चूकही जपली जाते, हे या परंपरेचे वैशिष्ट्य आहे. पेत्राच्या जोडीला अनेकदा पौल असतो. टक्कल, लांब दाढी, हातात पुस्तक आणि ज्याने त्याचा शिरच्छेद झाला ती तलवार. पौल बारा जणांपैकी नव्हता, तरी चित्रात तो त्यांच्या बरोबरीने उभा असतो.

आंद्रियाचा क्रूस इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखा तिरपा असतो; स्कॉटलंडच्या ध्वजावर तोच आहे. जब्दीचा मुलगा याकोब शिंपल्यावरून ओळखावा. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील त्याच्या समाधीच्या यात्रेला जाणारे लोक शिंपला लावत, म्हणून त्यालाही यात्रेकरूची काठी आणि टोपी मिळाली. पंढरीच्या वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका विठोबाच्याच खांद्यावर यावी, तसे हे. बर्थलमयाच्या हातात कातडी सोलण्याची सुरी असते, शिमोनाच्या हातात करवत, धाकट्या याकोबाच्या हातात दांडके आणि मत्थियाच्या हातात कुऱ्हाड. मत्तय जकातदार होता. त्यामुळे त्याच्याकडे पैशाची थैली दिसते.

योहान हा बारांमधील तरुण. दाढी नसलेला चेहरा आणि हातात प्याला. त्या प्याल्यातून साप डोके वर काढतो. त्याला विष दिले असता ते बाधले नाही, अशी कथा आहे. अफगाण चर्च याच योहानाच्या नावाने आहे.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा थोमा, म्हणजेच सेंट थॉमस. त्याच्या हातात सुतार-गवंडी काटकोन तपासायला वापरतात तो गुण्या असतो. एका प्राचीन कथेनुसार गोंडोफर्नीस या राजाने त्याला राजवाडा बांधायला पैसे दिले आणि थोमाने ते सारे गरिबांना वाटून टाकले. राजवाडा कोठे आहे, असे विचारल्यावर तो स्वर्गात बांधला आहे, असे उत्तर त्याने दिले. कथा बाजूला ठेवली तरी गोंडोफर्नीस हा राजा खरा आहे. पहिल्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणाऱ्या या इंडो-पार्थियन राजाची नाणी सापडली आहेत. थोमाचे दुसरे चिन्ह भाला. चेन्नईच्या मैलापूर भागात त्याला भाल्याने मारले, असे परंपरा मानते. म्हणजे त्याच्या दोन्ही खुणा भारतातील कथांतून आलेल्या आहेत. लंडनच्या एखाद्या चर्चमध्ये हातात गुण्या घेतलेली आकृती दिसली, तर ती भारताची आठवण आहे असे समजावे.

पंख असलेले चौघे

खिडकीच्या चार कोपऱ्यांत पंख असलेला माणूस, सिंह, बैल आणि गरुड दिसले, तर ती नुसती सजावट समजू नये. ते चार शुभवर्तमानकार आहेत. माणूस म्हणजे मत्तय, सिंह म्हणजे मार्क, बैल म्हणजे लूक आणि गरुड म्हणजे योहान. या चार प्राण्यांचे मूळ बायबलमधील यहेज्केल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील दृष्टान्तांत आहे. व्हेनिस शहराचे चिन्ह असलेला पंखांचा सिंह हा मार्कच आहे. योहानाला अशी दोन चिन्हे मिळाली. प्रेषित म्हणून प्याला आणि ग्रंथकार म्हणून गरुड.

स्त्री संत

अलेक्झांड्रियाची कॅथरीन तिच्या दातेरी चाकावरून चटकन ओळखू येते. तिला चाकावर मारण्याचा प्रयत्न झाला, चाक मोडले आणि अखेर तिचा शिरच्छेद झाला, अशी कथा आहे. म्हणून कधी तलवारही असते. दिवाळीत आपण जे भुईचक्र लावतो, तशा गरगरणाऱ्या आतषबाजीला इंग्रजीत ‘कॅथरीन व्हील’ म्हणतात. बार्बराच्या शेजारी तीन खिडक्यांचा मनोरा असतो, अ‍ॅग्नेसजवळ कोकरू, लुसीच्या तबकात दोन डोळे, अपोलोनियाच्या चिमट्यात दात, सेसिलियाच्या हाताशी वाद्य. मग्दालिया मरियेकडे सुगंधी उटण्याची बरणी असते. मरियेची आई अ‍ॅना लहान मुलीला पुस्तकातून वाचायला शिकवताना दाखवतात. लिस्यूची तेरेसा ही अलीकडची संत. तिच्या हातात क्रूस आणि गुलाब असतात.

यांपैकी काहींच्या अस्तित्वाविषयी इतिहासकारांना शंका आहे. कॅथरीनचे नाव १९६९ मध्ये रोमन पंचांगातून वगळले गेले आणि २००२ मध्ये पुन्हा घेतले गेले. मधल्या काळातही खिडक्यांतील तिचे चाक कोणी काढले नाही. तिची ओळख टिकली ती चाकामुळे.

आपल्या मातीतले आणि किनाऱ्यावरचे

मराठी मुलखाशी जन्माने बांधलेला संत म्हणजे वसईचा गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा तरुण व्यापारासाठी पूर्वेकडे गेला, फ्रान्सिस्कन साधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे आणखी पंचवीस जणांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याची ओळख फ्रान्सिस्कन झगा, क्रूस आणि दोन भाले. क्रूसावर बांधलेल्यांना दोन्ही बाजूंनी भाले खुपसण्यात आले होते.

फ्रान्सिस झेवियरच्या हातात उंच धरलेला क्रूस असतो. कधी त्याच्या पायाशी कुर्लीही दिसते. समुद्रात पडलेला त्याचा क्रूस एका कुर्लीने नांगीत धरून किनाऱ्यावर आणून दिला, ही दंतकथा पूर्वेकडील बेटांवरची असली, तरी कोकण-गोव्याच्या माणसाला ती घरची वाटावी. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ निधन पावलेल्या झेवियरचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे.

बाणांनी विद्ध झालेला सेबास्टियन आणि मांडीवरची गाठ दाखवणारा, पायाशी कुत्रा असलेला रॉक हे दोघे साथीच्या रोगांत धावा केला जाणारे संत. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा गिरगाव, माझगावपासून वांद्र्यापर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांत नाक्यानाक्यावर क्रूस उभे राहिले. त्यांतील काही आजही आहेत. त्याच साथीवर हाफकिन यांनी लस शोधली आणि त्यांची प्रयोगशाळा पुढे १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली. त्या पिढीच्या मुंबईकराला रॉकच्या मांडीवरची गाठ कशाची, हे कोणी सांगावे लागत नव्हते. आज ते सांगावे लागते.

चिन्ह घडण्याची प्रक्रिया थांबलेली नाही. मदर तेरेसांना २०१६ मध्ये संतपद मिळाले. त्यांची छायाचित्रे जगभर उपलब्ध आहेत, तरीही चित्रकार त्यांना निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीनेच ओळखू आणून देतात. आणखी तीनशे वर्षांनी चेहरा विसरला गेला, तरी ते काठ पुरेसे ठरतील.

फसवणाऱ्या जोड्या

एकच वस्तू दोघांच्या हातात आली की गोंधळ होतो. नवख्याने पुढील जोड्या ध्यानात ठेवाव्यात.

बालयेशू आणि लिली: योसेफ आणि पदुआचा अंतोनी. दाढी असलेला, वयस्कर दिसणारा योसेफ. गुळगुळीत चेहऱ्याचा, झग्यावर दोरी बांधलेला अंतोनी.

खांद्यावर बालक: हातात दांडा घेऊन नदी ओलांडत असेल तर ख्रिस्तोफर.

गुण्या: योसेफ आणि थोमा. भाला सोबत असेल तर थोमा. करवत, रंधा किंवा लिली असेल तर योसेफ.

कोकरू: अ‍ॅग्नेस ही तरुणी आणि बाप्तिस्मा करणारा योहान. उंटाच्या केसांचे वस्त्र व बोरूचा क्रूस असेल तर योहान.

पायाखाली राक्षसी सर्प: पंख असतील तर मायकल, घोड्यावर असेल तर जॉर्ज, स्त्री असेल तर मार्गारेट. मायकलच्या हातात कधी आत्मे तोलण्याचा तराजू असतो.

प्याला: त्यात साप असेल तर योहान, शेजारी मनोरा असेल तर बार्बरा.

जाळी आणि दगड: दोघेही तरुण, दोघांच्याही अंगावर दीक्षित सेवकाचा झगा. लोखंडी जाळी लॉरेन्सची, दगड स्तेफनाचे.

ही चिन्हे कायद्याने ठरलेली नाहीत. यहूदा तद्दय याला कोणी दांडके देतो, कोणी होडी, कोणी कपाळावर ज्योत. म्हणून एका खुणेवर न थांबता वय, वस्त्र आणि वस्तू अशा तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात. त्या जुळल्या नाहीत, तर खिडकीच्या तळाशी असलेला देणगीदाराचा मजकूर वाचावा. ज्याच्या स्मरणार्थ खिडकी बसवली, त्याच्या नावाचाच संत वर उभा केल्याची उदाहरणे पुष्कळ असतात.

चिन्ह गेले की संत हरवतो

काचचित्रात लाल, निळा, हिरवा हे रंग बहुतांशी काच वितळलेली असतानाच तिच्यात मिसळलेले असतात. तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांनी जोडले जातात. पण चेहरा, बोटे, झग्याच्या चुण्या, किल्लीचे दात, चाकाचे सुळे हे सारे काचेवर तपकिरी-काळ्या रंगाने रेखून, भट्टीत भाजून पक्के केलेले असते. सोनेरी पिवळा बहुधा चांदीच्या क्षाराने येतो. म्हणजे ज्या बारीक रेषांवर संताची ओळख अवलंबून, त्याच काचेच्या पृष्ठभागावर असतात आणि तेथेच धोका अधिक असतो. भाजणी कच्ची राहिली असेल तर त्या झडतात. आम्ल, सोडा किंवा तारेचा ब्रश लावून काच लख्ख केली, तर त्या एका सकाळीच जातात. रंग शाबूत राहतो आणि पाहणाऱ्याला खिडकी उलट अधिक स्वच्छ वाटते. फक्त तिच्यात कोण उभे आहे, हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

मुंबईतील जुन्या खिडक्यांचे वय शंभर-दीडशे वर्षांचे आहे. एवढ्या काळात शिसे थकते, चौकट फुगते, आधाराच्या लोखंडी सळ्या खाऱ्या हवेत गंजून काचेवर दाब देतात. पावसाळी वाऱ्यात एखादा तुकडा निखळतो. तो तुकडा हाताचा असेल, तर दुरुस्तीत तेथे साधी रंगीत काच बसवली जाण्याचा मोह होतो. भोक बुजते, पाऊस आत येत नाही, खर्चही थोडा. पण गुण्या गेलेला थोमा आणि किल्ल्या गेलेला पेत्र यांच्यात मग फरक राहत नाही. लालबागच्या कारखान्यातील रिकाम्या हातांच्या मूर्तीसारखी त्याची अवस्था होते, फक्त येथे आयुध पुन्हा बसवून देणारा मूर्तिकार बहुधा हाताशी नसतो.

यावर सर्वसाधारण उपासकाला किंवा पाहुण्यालाही करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. प्रत्येक खिडकीचे, आत उभे राहून, ऊन असताना आणि फ्लॅश न वापरता छायाचित्र काढून ठेवावे. पूर्ण खिडकीचे एक, आणि हातांचे व तळाच्या मजकुराचे वेगळे. कोणत्या खिडकीत कोणता संत आणि कोणत्या चिन्हासह, याची साधी यादी चर्चच्या दप्तरात असावी. निखळलेले तुकडे झाडून टाकू नयेत. कागदात गुंडाळून, खिडकीचा क्रमांक लिहून ठेवावेत, कारण मूळ तुकडा पुन्हा जोडता येतो. धूळ झटकायला मऊ ब्रश पुरे. त्यापुढचे काम काचेच्या संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्याकडेच द्यावे.

प्रार्थनेची वेळ टाळून, मोबाइल बंद ठेवून आणि परवानगी विचारून गेल्यास बहुतेक चर्चमध्ये खिडक्या पाहू देतात. पहिल्या भेटीत सगळे संत ओळखण्याचा आग्रह धरू नये. किल्ल्या, तिरपा क्रूस, चाक आणि गुण्या हे चार ओळखता आले तरी पुरे. दुसऱ्या भेटीत उरलेले आपणहून पुढे येतात.